अर्थिंगचा खड्डा

पौषात आमच्याकडे कोणी नवं काम काढत नाही. साधी मोटरसायकल घ्यायची असली तरी माघ लागू दे म्हणतात. त्यामुळे उज्वलाचा फोन आला आणि मागच्या शेडचं वायरिंग नव्यानं करायचंय असं ती म्हणाली, तेव्हा मला आयती सबब सापडली. मी म्हटलं, पौष चाललाय बाई, महिनाभरानं बघू.

"मी आता असलं काय पाळत नाय, दादा," ती म्हणाली. "तू रविवारी ये. दुसऱ्या कोणाचा हात मला त्या शेडला लागू द्यायचा नाय."

उज्वला माझी धाकटी बहीण. पाळत नाही म्हणणारी ही बाई एके काळी शुक्रवारी ताकाला शिवत नव्हती, अमावास्येला दळण टाकत नव्हती आणि मांजर आडवं गेलं तर नवऱ्याला पाच पावलं मागं फिरवत होती. आमची आई कडक, पण ही तिच्याही वरताण. चार वर्षांपूर्वी तिचा नवरा गेला आणि तिनं एकेक करत सगळं सोडून दिलं. दुःखात माणसाचा अशा गोष्टींवरचा विश्वास उडतो, असं मी आपलं धरून चाललो होतो. विचारायला मी कधी गेलो नाही, आणि का गेलो नाही ते मला चांगलं माहीत होतं.

मी कारभारी. सातपूरच्या एका कारखान्यात बत्तीस वर्षं वायरमन होतो. रिटायर होऊन तीन वर्षं झाली, तरी ओळखीपाळखीची कामं करतो. काम स्वच्छ करतो असं लोक म्हणतात. डोकं लवकर तापतं असंही म्हणतात. सॉकेटमध्ये काडेपेटीच्या काड्या खोचून वायर अडकवणारा माणूस दिसला की मी त्याच्या घरचा चहासुद्धा घेत नाही. माझ्यासारख्या माणसाच्या हातून काय झालं ते सांगतो.

उज्वलाचं घर म्हसरूळच्या पुढं, दिंडोरी रोडला. तिचे मिस्टर जयरामराव कंपनीत टर्नर होते. नऊ वर्षांपूर्वी त्यांनी नोकरी सोडली आणि घरामागच्या मोकळ्या जागेत पत्र्याची शेड टाकली. दिंडोरीकडच्या द्राक्षबागांना औषध फवारायचे जे ब्लोअर असतात, ट्रॅक्टरच्या मागं जोडतात ते, त्यांच्या दुरुस्तीचं काम त्यांना सुरू करायचं होतं. ड्रिल, वेल्डिंग, ग्राइंडर सगळं आलं. वायरिंग कोण करणार? घरचा वायरमन असताना बाहेरचा कशाला, असं मीच म्हणालो होतो.

मे महिना होता. दोन दिवसांत मी ट्यूबा लावल्या, बोर्ड बसवले, शेवटी अर्थिंगचा खड्डा तेवढा राहिला. यंत्राच्या पत्र्यात चुकून करंट उतरला तर तो माणसाच्या अंगातून न जाता तारेनं थेट जमिनीत जावा, म्हणून हा खड्डा करतात. त्यात लोखंडी पाईप उभा पुरायचा, शेडमधून आलेली तार त्याला क्लँपनं घट्ट आवळायची, भोवती कोळसा आणि मीठ भरायचं. मीठ जमिनीत ओल धरून ठेवतं. तिथं वीतभर मातीखाली सगळा मुरूम. पहारीनं खणता खणता माझे हात सोलवटले. पाईप उभा केला, कोळसा टाकला आणि लक्षात आलं, मीठ आणायचंच राहिलं. कोपऱ्यावरचं दुकान बंद होतं.

पण घरात मीठ होतं. लोणच्यासाठी आणलेल्या पाच किलो खडे मिठाची पिशवी मी सकाळीच ओट्याखाली पाहिली होती. मी मागच्या दारातून हाक मारून ती मागितली. उज्वलानं नुकताच देवापुढं दिवा लावला होता. ती दारात आली आणि म्हणाली, दिवेलागणीला मीठ घराबाहेर जात नाही, लक्ष्मी जाते. त्यात मी ते मातीत पुरायला मागत होतो. सकाळी घे, म्हणाली.

आता यात चिडण्यासारखं काय होतं? आमची आईसुद्धा हेच म्हणाली असती. पण मी दोन दिवस उन्हात राबलो होतो. हात जळत होते आणि बहीण मला मूठभर मीठ देत नव्हती. माझं डोकं फिरलं. तुझं मीठ तुलाच लखलाभ, असं म्हणालो. जयरामराव हसत होते, जाऊ द्या हो, सकाळी करू, म्हणत होते. मी ऐकलं नाही. तार पाईपाला नुसती गुंडाळलेली होती, क्लँपचा नट आवळायचा होता. म्हटलं, सकाळी मिठासाठी पुन्हा उकरायचंच आहे, तेव्हा आवळू. मुरूम आत लोटला, वर सिमेंटचं झाकण टाकलं आणि गाडीला किक मारली.

ती सकाळ आली नाही. म्हणजे आली, मी गेलो नाही. पहिले आठ दिवस रुसण्यात गेले. नंतर कंपनीत शटडाऊनचं काम निघालं. मग पाऊस सुरू झाला. राखीपौर्णिमेला उज्वलाकडं गेलो तेव्हा राग कधीच ओसरला होता. जेवायच्या आधी शेडमध्ये जाऊन मी एक बल्ब जोडून अर्थिंग तपासलं. जमीन चिंब ओली होती, बल्ब लख्ख पेटला. जयरामरावांनी विचारलं, मीठ राहिलं होतं ना हो घालायचं? मी म्हटलं, आता काही लागत नाही, बल्ब पेटतोय की. एवढं बोलून मी पुरणपोळी खायला बसलो.

त्यानंतर पाच वर्षं शेड उत्तम चालली. चालतंय ना, मग हात लावू नको, हा आमच्या धंद्यातला मंत्र आहे. सगळे वायरमन तो म्हणतात आणि दर दहातल्या नऊ वेळा तो खराही ठरतो.

चार वर्षांपूर्वी द्राक्षांच्या ऑक्टोबर छाटणीच्या दिवसांत शेडसमोर ब्लोअरची रांग लागली होती. आदल्या दिवशी परतीचा पाऊस पडून गेला होता, फरशी ओली होती. जयरामराव चपला काढून ग्राइंडरवर बसले होते. आतली एक वायर घासून उघडी पडली आणि करंट ग्राइंडरच्या अंगात उतरला. मला फोन आला तेव्हा मी कंपनीत होतो. येईपर्यंत सगळं संपलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी पंचनाम्याला माणसं आली. त्यांनी ग्राइंडर उघडून पाहिला, ओली फरशी पाहिली, मला दोनचार गोष्टी विचारल्या. अर्थिंग आहे का, विचारलं. मी म्हटलं, आहे, मीच केलंय. ते लिहून घेत होते तेव्हा मी त्या खड्ड्याच्या झाकणावर उभा होतो. झाकण उचलायला कोणी सांगितलं नाही आणि मी तिथून हललो नाही.

तेव्हापासून मला एकच प्रश्न होता. ती तार पाईपाला होती, की गंजून सुटली होती? मीठ नसलं तरी तार जागेवर असेल, तर मी निदान अर्धा तरी सुटतो, असा माझा हिशोब होता. झाकण उचललं की उत्तर मिळणार होतं. चार वर्षं मी ते उचललं नाही.

आता शेड पुन्हा सुरू व्हायची होती ती हर्षालीसाठी. हर्षाली म्हणजे उज्वलाची एकुलती एक मुलगी. बाप गेला तेव्हा अठरा वर्षांची होती. सगळे नको म्हणत असताना तिनं आयटीआयला मशिनिस्टला नाव घातलं, आता अंबडला एका कंपनीत काम करते. बापाची शेड चालवायची हे तिनं मनाशी पक्कं केलेलं. दिंडोरीचे बागाईतदार अजूनही विचारतात म्हणाली, जयरामभाऊंचं कोणी बसतं का आता? बापाचा ग्राइंडर तिनं नवी वायर, नवा स्विच टाकून स्वतः दुरुस्त करून ठेवला होता. मी तो बघितला आणि माझे तळवे घामेजले. थंडी एवढी पडलेली की लोक दुपारी शेकोटी करून बसत होते.

रविवारी सकाळी उज्वलानं शेडचं कुलूप काढलं. ती आत आली नाही, किल्ली माझ्या हातात देऊन परत गेली. चार वर्षांची धूळ, कोळ्याची जाळी, पत्र्याखाली चिमण्यांचं घरटं. बोर्डांवर जयरामरावांच्या अक्षरात काळ्या मार्करनं लिहिलेलं होतं: ड्रिल, पंखा, ग्राइंडर.

मी जुनं वायरिंग उतरवायला घेतलं. आणि खरं सांगतो, मी त्या मेलेल्या माणसाची चूक शोधत होतो. प्रत्येक सॉकेट उघडून बघितलं. एखाद्यात काडी खोचलेली सापडावी, एखाद्या प्लगची तिसरी पिन काढलेली असावी, हिरवी वायर कुठंतरी कापून सोडलेली असावी. असं काही निघालं असतं तर मी झोपलो असतो. पण नाही. सगळे प्लग तीन पिनचे, सगळे स्क्रू आवळलेले, हिरवी वायर प्रत्येक ठिकाणी नीट जोडलेली. मी जे जे सांगितलं होतं ते जयरामरावांनी अक्षर न अक्षर पाळलं होतं. बोर्डापासून खड्ड्यापर्यंत सगळं त्यांनी सांभाळलं होतं, आणि खड्डा माझा होता.

दुपारी उज्वलानं जेवायला वाढलं. बाजरीची भाकरी, मेथीची भाजी. भाजी अळणी होती. ती अलीकडं मीठ कमीच घालते, आपण वरून घेतो. मी ताटातल्या मिठाला बोट लावलं नाही, तशीच खाल्ली. तिनं विचारलं, किती दिवस लागतील? मी म्हटलं, तीन. ती म्हणाली, हर्षाली तिथं उभी राहणार आहे, लागू दे चार. तुझ्यावर सोडलंय सगळं.

ह्या वाक्यापेक्षा शिव्या परवडल्या असत्या.

सोमवारी मी वायरिंगचे नवे पाईप भिंतीवर ठोकले. या वेळी सॉकेट सगळे कमरेच्या वर घेतले, म्हणजे फरशी धुतली तरी पाणी लागायला नको. कामाच्या टेबलावर दोन ट्यूबा समोरासमोर लावल्या, सावली पडू नये म्हणून. ड्रिलला वेगळी लाईन, वेल्डिंगला वेगळी. मेनच्या बोर्डात नवा स्विच बसवला, करंट कुठं गळायला लागला की क्षणात लाईन तोडणारा. नऊ वर्षांपूर्वी असला स्विच बाजारात होता. अर्थिंग चांगलं असलं की त्याची गरज नाही, असं मीच तेव्हा ऐटीत सांगितलं होतं.

संध्याकाळी हर्षाली कामावरून आली आणि सगळं बारकाईनं बघत फिरली. पोरीची नजर बापाची. ट्यूबा तिला आवडल्या. मग तिनं विचारलं, "मामा, अर्थिंग जुनंच ठेवायचंय का? आम्हाला शिकवलंय, इतकी वर्षं पडून असलेलं उघडून बघायचं."

मी म्हटलं, जुनं कशाला, मी दुसरीकडं नवीन खड्डा करतो. उज्वला दारातून ऐकत होती. ती म्हणाली, दुसरीकडं कुठं करणार? मागचं सगळं अंगण सिमेंटचं झालंय, या बाजूला संडासाची टाकी, त्या बाजूला शेजाऱ्यांची भिंत. तेवढी एकच जागा आहे. तीच उकर.

ती मला असं म्हणताना खड्ड्याच्या झाकणाकडं बघत होती. माझ्या ते लक्षात आलं, पण अर्थ लागला नाही. स्वतःची भीती एवढी मोठी असली की दुसऱ्याच्या तोंडाकडं बघायला माणसाला सवड नसते.

मंगळवारी सकाळपासून मी किडूकमिडूक कामं काढत राहिलो. पट्टी तिरकी वाटते म्हणून पुन्हा मारली, स्विचांवर नावं लिहिली. ग्राइंडर लिहिताना अक्षर वाकडं आलं. हर्षाली कामावर गेलेली. तीन वाजले तेव्हा मला काही करायला उरलं नाही, मग पहार घेतली.

झाकण सहज निघालं. आत मुरूम घट्ट बसला होता. वरच्या थरात बारीक मुळं होती, कुठल्या तरी रानटी वेलाची. दोन फूट गेल्यावर कोळसा लागला. मग हातानंच उकरायला लागलो. पाईपाचं तोंड आलं, गंजून लाल झालेलं. त्याच्या गळ्यात क्लँप होता, नट अर्ध्या आट्यांवर, मी सोडला होता तिथंच. आणि तार नव्हती. पाईपापासून चार बोटं दूर मुरमात तिचं टोक मिळालं, गंजून सुईसारखं बारीक झालेलं. पाईपाला गुंडाळलेले दोन वेढे तेवढे तिथं होते. हात लावला तर भुगा झाला.

मी खड्ड्याच्या काठावर बसलो. माझा सगळा हिशोब तिथंच संपला. तार सुटलेली होती. बोर्डापासून इथपर्यंत जयरामरावांनी जपलेली तार जमिनीला टेकतच नव्हती. करंटाला जायला दुसरी वाट नव्हती, तो त्या माणसाच्या अंगातून गेला.

मग पक्कड काढली, तारेचं ते गंजलेलं टोक हातभर कापलं आणि गुंडाळून पँटच्या खिशात घातलं. नवीन तांब्याची पट्टी मी आणलेली होती. नवा पाईप, नवा क्लँप, दोन पिशव्या खडे मीठ, सगळं पहिल्याच दिवशी आणून ठेवलं होतं. म्हटलं, आता नीट करू, उद्या लाईट चालू करू आणि हे खिशातलं जाता जाता गोदावरीत टाकू. कोणाला काय कळतंय? गेलेला माणूस परत येत नाही आणि पोरगी आता सुरक्षित राहील. असं मी स्वतःला समजावत होतो आणि त्यात मला फारसं अवघड गेलं नाही, हेही सांगितलं पाहिजे.

जुना पाईप उपटायलाच तास गेला. नवा उभा करून पट्टी क्लँपमध्ये घातली, नट बोटानं फिरवला आणि पान्हा घ्यायला वळलो, तर मागच्या दारात उज्वला उभी होती. अंधार पडायला लागला होता. शेजारच्या घरातून सांजआरतीची घंटा ऐकू येत होती. तिच्या दोन्ही हातांत स्टीलचं पातेलं होतं, काठोकाठ खड्या मिठानं भरलेलं.

"हे घाल," ती म्हणाली. "तू आणलेलं राहू दे. घरातलं घाल."

मी म्हटलं, "दिवेलागण झाली, उज्वला."

"म्हणूनच आणलं."

ती आली आणि मुरमाच्या ढिगावर माझ्यासमोर बसली. बसताना थोडं मीठ सांडलं. सांडलेलं मीठ मेल्यावर पापण्यांनी उचलावं लागतं, असं आई सांगायची. लहानपणी हिनं ते एवढं मनावर घेतलेलं की जेवताना मिठाचा कण पडला तरी बोट ओलं करून उचलायची. आता तिनं तिकडं बघितलंही नाही.

"त्या दिवशी मी दिलं असतं तर हे आज असते," ती म्हणाली. "तू मागितलं आणि मी दारात उभी राहून नाय म्हटलं. चार वर्षं झाली, दादा. कोणाला बोलले नाय, हर्षालीला बी नाय. भाजीत मीठ टाकायला गेले की हात थांबतो माझा. मूठभर मीठ राखलं आणि माणूस घालवून बसले."

अळणी भाजी, सोडलेले उपासतापास, पौषात काढलेलं काम, सगळं एकदम माझ्या ध्यानात आलं. माझी बहीण चार वर्षं स्वतःला नवऱ्याची मारेकरी समजत होती. आणि मी? मी प्रत्येक भाऊबीजेला तिच्यासमोर पाटावर बसलो होतो. तिनं ओवाळलं होतं, मी ताटात ओवाळणी टाकली होती. मला लाज वाटली, आणि ती लाज इतक्या उशिरा आली होती की तिचा कोणाला काही उपयोग नव्हता.

तरी क्षणभर मी गप्प होतो. ते लपवत नाही. ती स्वतःच दोष घेत होती, मला नुसतं मान हलवायची होती, फार तर म्हणायचं होतं की जाऊ दे, नशिबात होतं. खिशातली तार मांडीला टोचत होती.

मी खिशातून तार काढली आणि तिच्यासमोर धरली.

"मिठानं नाही गेले ते," मी म्हटलं. "ही तार पाईपाला आवळायची होती. मी नुसती गुंडाळून ठेवली. मिठासाठी पुन्हा उकरू तेव्हा आवळू म्हटलं, आणि आलो नाही. ती गंजून सुटली. मीठ असतं तरी सुटलीच असती."

तिनं पातेलं खाली ठेवलं. तार हातात घेतली, उलटसुलट करून बघितली. मग विचारलं, हे तुला कधी कळलं? मी सांगितलं, सुटल्याचं आज कळलं, पण आवळली नव्हती हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं. पंचनाम्याच्या वेळी माहीत होतं का? होतं. दहाव्याला? होतं. ती एकेक विचारत गेली आणि मी होतं, होतं म्हणत गेलो. आवाज तिनं चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं, भांडणात मी हुशार आहे.

"नट आवळायला किती वेळ लागतो?" तिनं विचारलं.

मी पान्हा शोधायला लागलो. तिनं पुन्हा तेच विचारलं.

"दोन मिनिटं," मी म्हटलं.

ती उठली. मोबाईलची बॅटरी लावून तिनं खड्ड्यात उजेड धरला आणि म्हणाली, "आवळ. मी बघते."

मी खड्ड्यात वाकलो, पान्हा लावला. पट्टी सरळ केली, नट फिरवला, वर दुसरा नट घातला, तोही आवळला. दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. तिनं वाकून पट्टी स्वतःच्या हातानं ओढून बघितली. हलली नाही. मग तिनं पातेलं उचललं आणि मीठ पाईपाभोवती ओतलं, सगळं. मी कोळसा टाकला, तिनं बादलीभर पाणी आणून ओतलं. एकमेकांशी न बोलता आम्ही खड्डा बुजवला.

झाकण ठेवून झाल्यावर मी म्हटलं, उद्या सकाळी येतो, मेन चालू करून सगळं तपासून देतो.

"नको," ती म्हणाली. "हर्षालीच्या कंपनीतला वायरमन बोलावते. तो उघडून बघेल. त्यानं सांगितल्यावर चालू करू."

"बोलव," मी म्हटलं. "सगळं उघडून बघायला सांग."

मी हत्यारं पिशवीत भरली. शेडची किल्ली मी पायरीवर ठेवली, तिनं ती उचलली. तार तिच्या मुठीतच होती. ती परत मागायची माझी हिंमत झाली नाही. या घरातून तिन्हीसांजेला कधी कोणी उपाशी गेलेलं नाही, भांडून निघालो त्या दिवशीसुद्धा तिनं गाडीमागं धावत येऊन डब्यात भाकरी दिली होती. आज ती आत गेली आणि दार लावून घेतलं. मी थोडा वेळ गाडीपाशी उभा राहिलो, मग निघालो.